बिलातला ‘सर्व्हिस चार्ज’ आणि हातात द्यायची टीप

कोल्हापुरात खानावळीतून उठताना बडीशेपेच्या ताटलीत दहा-वीस रुपये ठेवण्याची रीत जुनी आहे. वाटीतला पांढरा रस्सा संपण्याआधीच पुन्हा वाढणारा, भाकरी गरम असल्याची खात्री करूनच ताटात टाकणारा वाढपी नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या ओळखीचा असतो. त्याला ‘मामा’ किंवा ‘भावा’ अशीच हाक जाते. त्याच्या ताटलीत किती ठेवायचे, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. देणाऱ्याची खुशी आणि घेणाऱ्याचे समाधान एवढाच तो व्यवहार.

तारांकित हॉटेलात किंवा मोठ्या वातानुकूलित उपाहारगृहात मात्र काही वेळा बिलाच्या तळाशी पाच ते दहा टक्क्यांचा ‘सर्व्हिस चार्ज’ आधीच मिळवलेला आढळतो. कुटुंबासह गेलेला गृहस्थ ते बिल घाईने पाहतो, हा सरकारी कर असावा असे समजून पैसे चुकते करतो आणि वर सवयीने वेटरच्या हातावर पन्नासची नोटही ठेवतो. एकाच सेवेचे पैसे त्याने दोनदा मोजलेले असतात.

कर नव्हे, शुल्क

हा गोंधळ होण्यास कारण आहे. वातानुकूलित उपाहारगृहांतील जेवणावर मे २०११ पासून केंद्र सरकारचा ‘सर्व्हिस टॅक्स’ लागू झाला होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर (जीएसटी) आला आणि तो सर्व्हिस टॅक्स संपला. पण ‘सर्व्हिस’ हा शब्द लोकांच्या मनात कराशी जोडला गेला तो गेलाच. वास्तविक सर्व्हिस चार्जमधील एक पैसाही कर म्हणून सरकारला मिळत नाही. तो हॉटेलचालकाने स्वतः लावलेला आकार आहे आणि तो हॉटेलच्याच गल्ल्यात जमा होतो.

उदाहरण घेऊ. चौघांच्या जेवणाचे १२०० रुपये झाले. दहा टक्के सर्व्हिस चार्ज मिळवला की रक्कम १३२० होते. त्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे केंद्राचे ३३ आणि राज्याचे ३३, असे ६६ रुपये. एकूण बिल १३८६. सर्व्हिस चार्ज नसता तर कर ६० रुपये लागला असता आणि बिल १२६० झाले असते. फरक १२६ रुपयांचा. यातील सहा रुपये हा शुल्कावरचा कर आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणूनच शुल्क कमी करून घ्यायचे असेल तर ते कर आकारण्यापूर्वीच्या रकमेतून वगळून नवे बिल मागावे. शेवटच्या आकड्यातून केवळ १२० रुपये वजा करून देणे हा पुरता हिशेब नव्हे.

जाता जाता आणखी एक गोष्ट. अनेक लहान उपाहारगृहे जीएसटीच्या ‘कंपोझिशन’ योजनेत असतात. त्यांना ग्राहकाकडून जीएसटी वेगळा वसूल करता येत नाही. अशा ठिकाणच्या बिलावर कराची ओळ दिसली, तर तीही विचारण्याजोगी आहे.

नियम काय सांगतो?

केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने एप्रिल २०१७ मध्येच सर्व्हिस चार्ज ऐच्छिक असल्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली होती. त्यांचा उपयोग बेताचाच झाला. पुढे ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये अधिक स्पष्ट सूचना दिल्या. बिलात हे शुल्क आपोआप मिळवू नये, दुसऱ्या कोणत्याही नावाने ते वसूल करू नये, ते देण्याची सक्ती करू नये, ते ऐच्छिक असल्याचे ग्राहकास सांगावे, ते न देणाऱ्यास प्रवेश किंवा सेवा नाकारू नये आणि खाद्यपदार्थांच्या रकमेत मिळवून त्यावर जीएसटी लावू नये, असा त्यांचा आशय आहे.

हॉटेलचालकांच्या दोन राष्ट्रीय संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि त्याच महिन्यात या सूचनांना स्थगिती मिळाली. जवळजवळ पावणेतीन वर्षे प्रश्न लोंबकळत राहिला. २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी याचिका फेटाळल्या, सक्तीचा सर्व्हिस चार्ज ग्राहकहिताविरुद्ध असल्याचे ठरवले आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा दंड केला. ग्राहकाने स्वखुशीने टीप देण्यास अर्थातच कोणतीही आडकाठी नाही, हेही निकालाने स्पष्ट केले. संघटनांनी त्यावर त्याच न्यायालयाच्या खंडपीठापुढे अपील केले. ऑगस्ट २०२५ मधील सुनावणीत खंडपीठाने त्यांना विचारलेला प्रश्न मार्मिक होता: वीस रुपयांची पाण्याची बाटली शंभर रुपयांना विकता, मग वरच्या ऐंशी रुपयांत सेवा धरलेली नसते काय?

हॉटेलचालकांची बाजू अगदीच टाकाऊ आहे असे नाही. मेन्यूकार्डावर शुल्क छापलेले असते, ते वाचूनच ग्राहक ऑर्डर देतो, म्हणजे करार झाला, असे त्यांचे म्हणणे. शिवाय हातात दिलेली टीप फक्त वाढणाऱ्यालाच मिळते. भटारखान्यात शेगडीपुढे उभा असणारा आचारी आणि भांडी घासणारा कामगार कोरडेच राहतात. सर्व्हिस चार्ज सर्वांत वाटता येतो, असेही ते सांगतात. वाटता येतो हे खरे. प्रत्यक्षात वाटला जातो की नाही, हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग मात्र बिलात नसतो.

पैसा कोणाचा?

टीपेच्या बाबतीत आपल्याकडे निदान एक गोष्ट निश्चित आहे. आयटीसी कंपनीच्या प्रकरणात एप्रिल २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की ग्राहकाने कार्डावरून दिलेली टीप हॉटेलकडे केवळ विश्वस्त म्हणून येते. ती पगार नव्हे, कर्मचाऱ्याला ग्राहकाकडून मिळालेली रक्कम आहे. सर्व्हिस चार्जची मालकी अशी नि:संदिग्ध नाही. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने टीप आणि सर्व्हिस चार्ज दोन्ही, कोणतीही कपात न करता, कामगारांना वाटणे मालकावर बंधनकारक केले आहे. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी ‘हे पैसे मुलांना मिळतात का?’ असे काउंटरवर विचारण्यात काही गैर नाही.

प्रस्तुत लेखकाचे मत असे, की शुल्क काढून टाकायला लावावे आणि तेवढीच, निदान त्याच्या जवळपासची, रक्कम वाढणाऱ्याच्या हाती द्यावी. शुल्क काढायला लावून रिकाम्या हाताने बाहेर पडणे कायद्यात बसते, पण त्यात त्या पोराचेच नुकसान होते. तसेही क्यूआर कोडने पैसे देण्याची पद्धत आल्यापासून सुट्टे पैसे ताटलीत पडणे कमी झाले आहे. चांगली सेवा असलेल्या उपाहारगृहात बिलाच्या पाच ते दहा टक्के टीप पुरेशी समजावी. खानावळीत बिल वरच्या दहा-वीसावर नेऊन ठेवले तरी चालते. टोकन घेऊन स्वतः ताट उचलायचे असेल किंवा पार्सल घ्यायचे असेल, तेथे टीपेची अपेक्षा नसते. शुल्क भरलेच असेल तर वेगळी टीप देण्याचे बंधन अजिबात मानू नये. वृद्ध आई-वडिलांना जिना उतरवून दिला, लहान मुलासाठी बिनतिखट रस्सा करून आणला, अशी खास कामे झाली असतील तर गोष्ट निराळी.

शुल्काविषयी बोलायचे ते व्यवस्थापकाशी किंवा काउंटरवर. वेटरशी हुज्जत घालणे व्यर्थ. बिल तो बनवत नाही. नकार मिळाल्यास बिल जपून ठेवावे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. चौकशीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो आणि जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे.

मुलाबाळांकडे परदेशी जाणाऱ्यांनी मात्र घरचा नियम तेथे लावू नये. अमेरिकेत वाढप्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग टीपेचा असतो आणि पंधरा ते वीस टक्के देण्याची रीत आहे. सहा-आठ जणांचा गट असेल तर अनेक उपाहारगृहे ती बिलातच धरतात. तशी ओळ असल्यास खालचा टीपेचा रकाना रिकामा सोडावा. लंडनमध्ये साडेबारा टक्के शुल्क बऱ्याच ठिकाणी लावलेले असते, पण बहुतेक वेळा ते ऐच्छिक असल्याचे बिलावरच लिहिलेले असते. फ्रान्समध्ये सेवेचा आकार पदार्थांच्या किमतीतच धरलेला असतो. जपानमध्ये टेबलावर पैसे ठेवून निघालात, तर वेटर ते परत करण्यासाठी तुमच्यामागे रस्त्यापर्यंत येण्याचा संभव आहे.