स्पॅनिश डाव आणि देशी सबुरी

सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभे केले आणि मराठी मुलुखातले बुद्धिबळ त्या गावाभोवती जमत गेले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्याकडे पटावर दोन कायदे नांदत होते, देशी आणि विलायती. देशी खेळ म्हणजे नुसती झटापट आणि सबुरी आपण साहेबाकडून शिकलो, असा एक समज त्या काळापासून रूढ आहे. पुरावा म्हणून स्पॅनिश डाव पुढे केला जातो. मला तो पुरावा नेमका उलट दिशेला बोट दाखवताना दिसतो.

स्पेनमधला धर्मगुरू रुय लोपेझ याने १५६१ च्या आपल्या ग्रंथात या सुरुवातीची चर्चा केली, म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. दोन्ही राजांपुढची प्यादी दोन-दोन घरे चालून समोरासमोर अडतात, घोडे बाहेर पडतात आणि पांढरा उंट काळ्याच्या घोड्यावर रोखला जातो. पुढे बराच वेळ कोणी कोणाला मारत नाही. पांढऱ्याचा वजिराकडचा घोडा तीन चाली खर्चून राजाच्या बाजूला येतो. तोच उंट माघार घेत घेत वजिराकडच्या कोपऱ्याजवळ दबा धरतो. १९७४ च्या नीस ऑलिंपियाडमध्ये याच सुरुवातीतून खेळताना कारपोव्हने उन्झिकरविरुद्ध चोविसाव्या चालीला दुसरा उंट थेट शत्रूच्या गोटात नेऊन बसवला. त्याने मारले काहीच नाही. एक उभी पट्टी मात्र बंद झाली आणि तिच्याआड कारपोव्हने आपले हत्ती सावकाश एकामागे एक लावले. उन्झिकरला हत्तींची अदलाबदल करून मोकळे होता येईना. डाव कारपोव्हने जिंकला.

आता देशी कायदा पाहा. बहुतेक ठिकाणी प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. किल्लेकोट नव्हता, शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्याची उडी घेता येई. म्हणजे मोहऱ्यांची गाठ पडायलाच वेळ लागे, आणि तोवर उंट-घोड्यांना नीट जागा शोधण्याखेरीज काम नसे. कलकत्त्यात १८५०च्या दशकात कॉक्रेन या विलायती खेळाडूशी खेळणाऱ्या महेशचंद्र बॅनर्जींनी उंट बाजूला ठेवून केंद्रावर दुरून नजर ठेवण्याची रीत वापरली. अशाच मांडण्यांना पुढे ‘इंडियन’ हे नाव चिकटले. पंजाबचा सुलतान खानही देशी कायद्यावरच वाढला. त्याने १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद घेतले, आणि हेस्टिंग्जला कापाब्लांकाला हरवले ते हळूहळू आवळत नेऊन. सुरुवातीच्या चालींची त्याची विद्या तोकडी होती. वाट पाहण्याची नव्हती.

यावर पहिला आक्षेप जड आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांच्या संस्कृत ग्रंथाचा इंग्रजी अवतार १८१४ मध्ये मुंबईत छापला गेला, आणि त्यात आहेत ते बहुतांशी मात करण्याचे पेच. प्यादेमातीची, म्हणजे प्याद्याने केलेल्या मातीची, प्रतिष्ठाही सर्वांना ठाऊक आहे. मग सबुरी कुठे आहे? पण पेचांच्या पुस्तकात पेचच असणार. घोडा तीन चालींत फिरवून आणण्याला कोडे म्हणून काय किंमत? अशी चाल ग्रंथात शिरत नाही, ती खेळणाऱ्याच्या हातात राहते. शिवाय प्यादेमात साधायची तर प्यादे आधी बराच काळ जपावे लागते.

दुसरा आक्षेप मी अर्धा मान्य करतो: संथ कायदा म्हणजे संयम नव्हे. देशी खेळात काही ठिकाणी ठरलेल्या चाली सुरुवातीलाच एकदम मांडून घेत, म्हणजे संथपणाचा कंटाळा तिथेही होताच. आणि स्पॅनिशमधला ताण देशी पटावर नव्हता हेही खरे. दोन घरांच्या उडीने प्यादी लवकरच भिडतात आणि मग ती न मारता तशीच ठेवण्यात कस लागतो. मराठी खेळाडूला विलायती कायद्याने नवे दिले ते हे, भिडलेल्या अवस्थेत थांबणे. नुसते थांबणे त्याला येत होते. एलुरूला १९५५ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा विलायती कायद्याने झाली, तेव्हा मराठी खेळाडू रामचंद्र सप्रे यांनी व्यंकय्यांसह अजिंक्यपद वाटून घेतले.