पडद्याच्या जमिनीचा गट नंबर

बीड-धाराशिव रस्त्यावरचे चौसाळा १९४८पर्यंत निजामाच्या मुलखात होते. सरकारी दप्तर उर्दूत. ज्याला ती लिपी येत नसे त्याला आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. चाळीसेक वर्षांनी कचेऱ्यांत संगणक शिरू लागला, तेव्हा तोच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. या नव्या दप्तराची लिपी रोमन होती.

१९८१च्या आयबीएम पीसीत पडदा म्हणजे मेमरीचाच एक पट्टा होता. ६४० किलोबाइटपर्यंत प्रोग्रामची मेमरी. त्यापुढचे पत्ते उपकरणांसाठी राखलेले. रंगीत पडद्याचा मजकूर ७३६व्या किलोबाइटपासून सुरू होई. ८० स्तंभ, २५ ओळी, आणि प्रत्येक घराला दोन बाइट: एक अक्षराचा, एक रंगाचा. पहिल्या पत्त्यावर ६५ लिहिले की कोपऱ्यात रोमन ‘ए’ उमटे. पण एका बाइटात २५६च आकार. जोडाक्षरे, वेलांट्या, रफार त्यात मावणार कसे?

आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या ‘जिस्ट’ने यावर तोड काढली. मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखालच्या या कामाचे सूत्र साधे होते: साठवायचे ते फक्त वर्णांचे संकेतांक, आकार घडवायचा कार्डाने. त्यामुळे डॉसवरचे तयार प्रोग्रामही देवनागरीत चालू लागले. हे संकेतांक १९९१मध्ये ‘इस्की’ या भारतीय मानकात पक्के झाले. युनिकोडची देवनागरीही इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावर बेतलेली आहे.

डॉसमध्ये मात्र या जमिनीला कुंपण नव्हते. कोणताही प्रोग्राम कोणत्याही पत्त्यावर लिही. लिनक्स (१९९१) आणि विंडोज एनटी (१९९३) यांनी ती मोकळीक काढून घेतली. आता उपकरणाच्या पत्त्याला हात लावायचा तो ड्रायव्हरने, आणि तोही रीतसर. लिनक्समध्ये ड्रायव्हर आधी पत्त्यांच्या पट्ट्यावर आपली नोंद करतो, मग ‘आयओरीमॅप’ने तो कर्नलच्या नकाशात आणतो आणि ठरलेल्या फंक्शनांनीच वाचतो-लिहितो. एवढा काटेकोरपणा का? कारण तो पत्ता म्हणजे धान्याची कणगी नव्हे. तिथे लिहिणे म्हणजे यंत्राला हुकूम देणे. काही ठिकाणी नुसते वाचल्यानेही आलेला इशारा पुसला जातो. हुकूम प्रोसेसरच्या कॅशमध्येच अडकला, तर उपकरणापर्यंत पोहोचतच नाही.

जिस्ट कार्ड इतिहासजमा झाले. संकेतांक वेगळा आणि आकार वेगळा, ही त्याची वाटणी टिकली. आज चौसाळ्यातला शेतकरी मोबाइलवर सातबारा मराठीत वाचतो. अक्षरांचे आकार आता सॉफ्टवेअर घडवते, पण पडद्याला अखेरचा हुकूम देण्यासाठी कोणता तरी ड्रायव्हर अजूनही नेमक्या पत्त्यावर लिहीत असतो.