हँडओव्हर, मोबाइल जाळ्यातील
चालू संभाषण न तोडता मोबाइलचा कॉल एका टॉवरकडून शेजारच्या टॉवरकडे सोपवण्याची क्रिया. जाळ्याचा प्रदेश छोट्या क्षेत्रांत, म्हणजे सेलमध्ये, विभागून त्याच वारंवारिता काही अंतरावर पुन्हा वापरण्याची कल्पना बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग यांनी 1947 मध्ये मांडली. सेल लहान केले की अधिक माणसांना एकाच वेळी बोलता येते. पण धावत्या वाहनातला बोलणारा तितक्याच लवकर हद्द ओलांडतो. हँडओव्हर नसता तर ही कल्पना कागदावरच राहिली असती. त्याची व्यवस्था आखणारे त्याच प्रयोगशाळेतील एमोस जोएल यांना 1972 मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले.

सुरुवातीच्या अ‍ॅनालॉग जाळ्यांत फोनचा सिग्नल टॉवरच मोजत. जीएसएम या नंतरच्या डिजिटल पद्धतीत हे काम फोनकडे आले, आणि खरी सफाई इथेच आहे. एका वाहक वारंवारितेवर वेळेचे आठ खंड असतात. फोन आपल्या वाट्याच्या खंडात बोलणे-ऐकणे उरकतो आणि मधल्या मोकळ्या वेळात शेजारचे टॉवर चाचपतो. सर्वांत जोरकस अशा सहा शेजाऱ्यांपर्यंतची मोजमापे तो सुमारे दर 480 मिलिसेकंदांनी कळवतो. निर्णय मात्र त्याचा नसतो. तो टॉवरांच्या गटाचा नियंत्रक घेतो. नव्या टॉवरवर आधी जागा राखली जाते, मगच फोनला तिकडे जाण्याचा हुकूम सुटतो.

शेजारी नुसता वरचढ असून भागत नाही. काही डेसिबलांच्या फरकाने तो वरचढ ठरावा लागतो. नाहीतर हद्दीवरचा फोन दोन टॉवरांत चेंडूसारखा टोलवला जातो. हा फरक फार ठेवला तर जुना सिग्नल आधीच विरतो. योग्य आकडा जागेनुसार बदलतो.

सीडीएमए या दुसऱ्या डिजिटल पद्धतीत फोन एकाच वेळी दोन-तीन टॉवरांशी जोडलेला राहतो, त्यामुळे मध्ये तुटणे नसते. 4जीत वेगळा नियंत्रकच नाही. बहुतेकदा टॉवर आपसांत बोलून कॉल सोपवतात.

कर्जत-लोणावळा लोहमार्गावरचे बोगदे ही या यंत्रणेची कठीण परीक्षा. बोगद्याच्या तोंडाशी सिग्नल इतक्या झपाट्याने जातो की मोजमापे पोहोचण्याआधीच फोन मुका होतो. अशा ठिकाणी उपाय म्हणून बोगद्यात खाचा पाडलेली केबल टाकतात; तिच्यातून सिग्नल आत सर्वत्र झिरपतो. तोंडाबाहेरही तो काही अंतर पोहोचवावा लागतो, म्हणजे गाडी आत शिरण्यापूर्वीच कॉल सोपवता येतो.