गुडघ्यामागची रोहिणी

धावताना पोटरी दुखते, थांबले की राहते. भवानी पेठेतल्या मैदानावर अशा मुलाला ‘सराव कमी पडतो’ एवढेच ऐकायला मिळेल. १८७९ साली एडिंबरोत अँडरसन स्टुअर्ट या वैद्यकीय विद्यार्थ्याला कापून काढलेल्या एका पायात नवल दिसले. गुडघ्यामागची रोहिणी पोटरीच्या स्नायूला आतून वळसा घालून गेली होती. म्हणजे स्नायू आवळला की ती चेपणार! पण पहिली शस्त्रक्रिया थेट १९५९ साली झाली. लायडेनच्या हॅमिंग यांनी बारा वर्षांच्या मुलावर ती केली.

परीक्षा सोपी वाटते. गुडघा सरळ ठेवून पाऊल खाली दाबायला लावायचे. पावलावरची नाडी लोपते का पाहायचे. मात्र निरोगी खेळाडूंतही ती कधी लोपते. म्हणून व्यायामानंतर घोट्याचा रक्तदाब आणि डॉप्लर तपासणीही पाहावी लागते.