सारीपाटाचा मालक कोण? (थ्रेड)

जेजुरीच्या खंडोबाची एक लोककथा महाराष्ट्रात शतकानुशतके गायली जाते. देव आणि म्हाळसा सारीपाट मांडतात, पैज लागते, देव हरतो आणि बारा वर्षांसाठी घराबाहेर पडतो. तो चंदनपुरीला जातो, धनगराच्या घरी मेंढ्या राखतो आणि तिथेच बाणाईचा होतो. प्रांताप्रांतांत कथेचे तपशील बदलतात, गाभा मात्र कायम राहतो. फाशांनी कौल दिला आणि देवाने मेंढपाळाची भूमिका घेतली.

फासा टाकायचा, त्याच्या कौलाने एखादी भूमिका जगायची आणि त्यातून कथा पुढे न्यायची. आज जगभर लाखो तरुण हेच करतात. त्या खेळांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात आणि त्यांतला सर्वांत प्रसिद्ध आहे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. हा धागा त्या खेळाच्या मालकीविषयी आहे. सारीपाटापासून सुरुवात करण्याचे कारण पुढे स्पष्ट होईल.

सारीपाटाला मालक नव्हता. फुलीच्या आकाराचा कापडी पट, सोळा सोंगट्या, लांबट फासे किंवा कवड्या एवढ्यावर तो राजवाड्यातही चाले आणि देवळाच्या ओसरीवरही. कोणत्या दानाला सोंगटी बसवायची, जुगाचा मान किती, मारलेली सोंगटी केव्हा परत आणायची, हे गावागणिक वेगळे. वाद झाला तर घरातील वडीलधारे निवाडा करीत. नियम छापलेले नव्हते, त्यामुळे ते कोणाच्या नावावरही नव्हते.

मग हा खेळ समुद्रापार गेला. पचीसीचे अमेरिकी रूप ‘पर्चिसी’ या नावाने विकले जाऊ लागले आणि १८७४ मध्ये न्यूयॉर्कच्या सेल्को अँड रायटर कंपनीने ते नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले. इंग्लंडमध्ये १८९६ च्या सुमारास त्याच खेळाचे सोपे रूप ‘ल्युडो’ म्हणून पेटंटासह अवतरले आणि पुढे लुडो होऊन, पुठ्ठ्याच्या पटावर छापलेले, आपल्याच घरी परत आले. ज्या खेळासाठी आजीने कधी कोणाची परवानगी मागितली नव्हती, त्याचे खोके नातवंडांना विकत घ्यावे लागले.

पर्चिसीच्या नोंदणीला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा, जानेवारी १९७४ मध्ये, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या लेक जिनीव्हा या छोट्या गावातून एक खोके विक्रीस निघाले. आत तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिली आवृत्ती एक हजार संचांची. लेखक दोन, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. प्रकाशक टीएसआर ही नुकतीच काढलेली घरगुती कंपनी. हाच ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’.

त्यात पट नसला तरी चालतो. एक जण सूत्रधार होतो, त्याला डन्जन मास्टर म्हणतात. तो जग उभे करतो: अंधारी गुहा, पडका किल्ला, दाराआडचा आवाज. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि आपले पात्र काय करते ते सांगतात. जमेल की नाही याची खात्री नसेल तिथे फासा पडतो. पुढे या खेळाची ओळख ठरला तो वीस बाजूंचा फासा. जिंकणे-हरणे जवळपास नाहीच. चार तासांनी सगळे उठतात ते एका कथेचे सहकर्ते होऊन. कोकणातील दशावतारी नाटकात नटांना कथानक ठाऊक असते पण संवाद रंगमंचावरच सुचतात. ज्याने ते पाहिले आहे त्याला हा प्रकार फार परका वाटू नये.

दोन लेखकांची नावे खोक्यावर होती, पण कल्पना मात्र अनेकांच्या हातांतून आली होती. १८२४ मध्ये प्रशियाच्या रायस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने सैन्याच्या सरावासाठी नकाशावरचा युद्धखेळ सिद्ध केला, त्यात निर्णय देणारा पंच होता. १९६९ मध्ये मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली याने अशाच एका युद्धखेळात प्रत्येक खेळाडूला सेनेऐवजी एकेक व्यक्ती दिली: कोणी महापौर, कोणी विद्यार्थी, कोणी सेनानी. डाव विसकटला. लोक परस्परांशी कटकारस्थाने करू लागले, भलत्याच गोष्टी करायला मागू लागले. वेस्लीला तो प्रयोग फसला असे वाटले, खेळाडूंना मात्र पुन्हा तेच हवे होते. त्याच मंडळीतील आर्नेसनने ती रीत ब्लॅकमूर नावाच्या कल्पित प्रदेशात नेली. गायगॅक्सने तिला नियमांचे आणि पुस्तकाचे रूप दिले.

त्यामुळे भांडणही लवकरच आले. आपले श्रेय आणि मानधन डावलल्याचा दावा करीत आर्नेसन १९७९ मध्ये न्यायालयात गेला. १९८१ मध्ये तडजोड झाली. दरम्यान टॉल्किनच्या साहित्याचे हक्क सांभाळणाऱ्यांनी टीएसआरलाच बजावले होते, म्हणून ‘हॉबिट’ हा शब्द गाळून ‘हाफलिंग’ आणावा लागला. दुसऱ्याच्या शेतातून कणसे आणलेल्या माणसाने स्वतःच्या शेताला काटेरी कुंपण घालावे, तसे या कंपनीचे पुढील वर्तन होते.

खेळाडूंचा समाज कंपनीपेक्षा वेगाने वाढला. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड यांनी ‘अलारम्स अँड एक्स्कर्जन्स’ हे मासिक सुरू केले. त्याची पद्धत पाहण्यासारखी होती. प्रत्येक सहभागी आपली पाने लिहून पाठवी, सगळ्यांची पाने एकत्र बांधून सगळ्यांना टपालाने जात, आणि पुढच्या अंकात प्रत्येक जण इतरांना उत्तरे देई. नव्या राक्षसांची वर्णने, नियमांवरील हरकती, आपल्या मोहिमांचे वृत्तांत, कडाक्याचे वाद. आजच्या डिस्कॉर्ड सर्व्हरवर जे चालते ते सारे तिथे होते, फक्त उत्तराला महिना लागे.

१९८० च्या दशकात हीच मंडळी युजनेट या संगणकीय चर्चाजाळ्यावर गेली. १९९४ मध्ये टीएसआरने खेळाडूंनी स्वतः लिहून जाळ्यावर मोफत ठेवलेल्या साहसकथांवर आणि नियमांवर हक्क सांगितला. आमच्या खेळावर आधारलेले जे काही असेल ते आम्ही नेमलेल्या ठिकाणी, आमच्या सूचनेसह ठेवा, नाहीतर काढा, असा एकंदर रोख होता. चिडलेल्या खेळाडूंनी कंपनीच्या नावातील एस काढून तिथे डॉलरचे चिन्ह घातले. तीन वर्षांत टीएसआर कर्जबाजारी झाली आणि १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने ती विकत घेतली. दिवाळखोरीची कारणे अनेक होती, केवळ खेळाडूंच्या रागाने कंपन्या बुडत नाहीत. पण नव्या मालकाने धडा घेतला खरा.

२००० मध्ये विझर्ड्सच्या रायन डान्सी यांच्या पुढाकाराने ‘ओपन गेम लायसन्स’ निघाला. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतून उचललेली कल्पना अशी: खेळाचा नियमगाभा घ्या, त्यावर आपले पुस्तक लिहा, छापा, विका. आम्हाला एक पैसाही नको. अट एवढीच की सोबत हा परवाना छापा. पुढच्या दोन दशकांत या परवान्यावर शेकडो लहान प्रकाशक उभे राहिले. २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ हा तुल्यबळ स्पर्धकही त्यातूनच निघाला.

हा परवाना दूरच्या देशातील वकिलांचा विषय वाटेल, पण त्याचा धागा गोवंडीपर्यंत येतो. गोवंडीच्या शिवाजीनगर-बैंगनवाडी भागात १९७० च्या दशकात महापालिकेने पुनर्वसनासाठी दहा बाय पंधरा फुटांचे भूखंड आखले. नकाशात ती वस्ती आजही सोंगट्यांच्या पटासारखी चौकटी-चौकटींची दिसते. अशा घरात पाच जणांनी टेबलाभोवती चार तास बसायचे कुठे? गल्लीच्या तोंडाशी कॅरमचा बोर्ड मांडता येतो, कारण तो डाव अर्ध्या तासात आटपतो. रोल-प्लेइंगचा डाव महिनोन्‌महिने चालतो. जागा नसलेल्यांसाठी टेबल म्हणजे फोन, आणि सवंगडी म्हणजे पुण्यात, नागपुरात किंवा नैरोबीत बसलेले कोणी. परदेशी छापलेले नियमपुस्तक भारतात काही हजारांना पडते. नियम कायदेशीरपणे, मोफत वाचायला मिळतात की नाही, यावर तिथल्या मुलाचा प्रवेश ठरतो. मोकळ्या परवान्याचे मोल विस्कॉन्सिनपेक्षा इथे अधिक आहे.

५ जानेवारी २०२३ रोजी एका अमेरिकी वृत्तस्थळाने नव्या परवान्याचा फुटलेला मसुदा प्रसिद्ध केला. विझर्ड्स आता हॅस्ब्रो या बलाढ्य खेळणी-कंपनीची झाली होती, १९९९ पासून. मसुद्यात तीन गोष्टी होत्या: जुना परवाना यापुढे ‘अधिकृत’ राहणार नाही, वर्षाला साडेसात लाख डॉलरांवर उत्पन्न असणाऱ्यांनी वरच्या रकमेचा चतुर्थांशापर्यंत भाग द्यावा, आणि इतरांनी लिहिलेले साहित्य वापरण्याचा हक्क कंपनीला असावा. सगळा कस एका शब्दावर लागला. २००० च्या परवान्यात ‘अधिकृत आवृत्ती’ असा उल्लेख होता. जे अधिकृत करता येते ते अनधिकृतही करता येते, असा अर्थ तेवीस वर्षांनी काढला गेला. परवाना लिहिणाऱ्या डान्सींनी मात्र तो मागे घेण्याचा हेतू कधीच नव्हता असे जाहीरपणे सांगितले.

पुढचे तीन आठवडे या समाजाच्या इतिहासात नोंदण्याजोगे आहेत. हजारोंनी उघड्या पत्रावर सह्या केल्या. कंपनीच्या डिजिटल सेवेची वर्गणी लोकांनी रद्द केली आणि इतरांनाही तसे करायला सांगितले. ‘पाथफाइंडर’च्या प्रकाशकाने कोणत्याच एका कंपनीच्या ताब्यात नसलेला पर्यायी परवाना जाहीर केला. वेळही कंपनीच्या दृष्टीने वाईट होती, मार्चअखेरीस या खेळावरील मोठा चित्रपट प्रदर्शित व्हायचा होता. १९ जानेवारीला सुधारित मसुदा आणि मतचाचणी आली. पंधरा हजारांहून अधिक उत्तरे आली आणि जुना परवाना रद्द करण्यावर ८९ टक्के असमाधानी निघाले. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली. जुना परवाना तसाच राहील, शिवाय नियमांचा संपूर्ण गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला जाईल. हा परवाना मागे घेता येत नाही. मूळ कर्त्याचा उल्लेख केला की कोणीही ते नियम वापरावेत, बदलावेत, भाषांतरित करावेत, विकावेत.

हा विजय पूर्ण नव्हता, तसे मानणे भाबडेपणाचे. खुला झाला तो नियमांचा गाभा. ‘फरगॉटन रेल्म्स’सारखी कल्पनाविश्वे, चित्रे, नावे कंपनीकडेच आहेत. शिवाय कायदेपंडित पूर्वीपासून विचारत होतेच की नियमांवर कोणाचा हक्क असू तरी शकतो का? कायद्याची सर्वमान्य भूमिका अशी की कल्पनेवर आणि पद्धतीवर लेखाधिकार नसतो, तो असतो त्यांच्या विशिष्ट मांडणीवर, शब्दांवर, चित्रांवर.

या प्रश्नाचा एक महत्त्वाचा निवाडा भारतातच झाला आहे. कोलकात्याच्या अगरवाला बंधूंनी ‘स्क्रॅब्युलस’ हा शब्दखेळ जाळ्यावर आणला आणि फेसबुकवर तो अफाट गाजला. उत्तर अमेरिकेबाहेर स्क्रॅबलचे हक्क असणाऱ्या मॅटेलने दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. सप्टेंबर २००८ च्या निर्णयात न्यायालयाने स्क्रॅबलच्या पटावर लेखाधिकाराचे संरक्षण नाकारले, कारण नियम आणि पटाची रचना एकमेकांपासून वेगळी काढता येत नव्हती. नावाच्या बाबतीत मात्र व्यापारचिन्हाचा भंग मानून मनाई केली. थोडक्यात, खेळ खेळा, नाव वेगळे ठेवा. बंधूंनी नाव बदलून ‘लेक्स्युलस’ केले.

आता पर्चिसीकडे परत. १८७४ मध्ये ते नाव नोंदवणाऱ्या सेल्को अँड रायटरनेच १९५० च्या दशकात अमेरिकेत स्क्रॅबल विकायला घेतला. १९८९ मध्ये तिचे खेळ हॅस्ब्रोकडे आले. म्हणजे म्हाळसेच्या सारीपाटाच्या कुळातले एक नाव आणि ड्रॅगनांचा खेळ आज अमेरिकेत एकाच कंपनीच्या कपाटात शेजारी-शेजारी आहेत.

खुल्या झालेल्या नियमगाभ्याची अधिकृत भाषांतरे २०२३ मध्येच फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश भाषांत निघाली. मराठी त्यांत नाही. मराठी भाषांतर करायला आता कोणाची परवानगी लागत नाही. मूळ कर्त्याचा उल्लेख करणारी एक ओळ पुरेशी आहे. त्या नियमांवर चंदनपुरीची मोहीम रचता येईल, सूत्रधाराला नाईक म्हणता येईल, आणि पहिल्याच फाशाला देवाला मेंढ्या राखायला धाडता येईल.