प्रकृतीचा शोध

एकाच खात्यात, एकाच धुळीत दहा माणसे राबतात. एकाला धाप लागते, शेजाऱ्याला काही होत नाही. कामगारांत वावरताना हा प्रश्न आम्हांस नेहमी पडत आला. वैद्य म्हणत, ‘प्रकृती वेगळी.’ हे उत्तर की नुसता शब्द?

पुण्याच्या डॉ. भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रकृती आणि जनुके यांचा संबंध तपासला. दिल्लीत जनुकशास्त्रज्ञ डॉ. मिताली मुखर्जी यांनी आयुर्वेद शिकलेल्या डॉ. भावना पराशर यांना बरोबरीने सोबत घेतले. वात, पित्त, कफ अशा ठळक प्रकृतीची निरोगी माणसे निवडली. त्यांच्या रक्तात व जनुकांच्या कार्यात फरक आढळल्याचे २००८ साली प्रसिद्ध झाले. प्राणवायूची उणीव ओळखणाऱ्या यंत्रणेतले एक जनुक पित्त व कफ प्रकृतीत वेगळे दिसते, हे २०१० साली पुढे आले. उंच पहाडावर फुप्फुसांत पाणी साठण्याच्या विकाराशीही त्याचा संबंध जुळला. त्याच वर्षी मुखर्जींना भटनागर पुरस्कार मिळाला.

तपासलेली माणसे थोडी. तेव्हा हा शेवटचा शब्द नव्हे. परंतु परंपरेला नुसता नमस्कार नाही आणि नुसता धिक्कारही नाही, तर तपासणी, हा मार्ग आम्हांस पटतो.

एक भीती मात्र बोललीच पाहिजे. ज्या चाचणीने औषध नेमके ठरेल, तिनेच उद्या मालक माणसे निवडील. ‘तुला धूळ सोसत नाही, घरी जा,’ असे सांगण्यापेक्षा धूळच कमी करावी, एवढेच आमचे मागणे आहे.