समुद्राचा बेत

परभणीकरांची गोव्याची सहल आधी बेतातच चार महिने चालते. बुड्या मारायच्या की होडी वल्हवायची, हा वाद गंगाखेडला गोदाकाठी रंगतो. गोदामाई मात्र समुद्र गाठायला पूर्वेकडं निघून जाते!

हसू नका. हा बेत खुद्द निजामानंही केला होता. परभणीसकट सबंध हैदराबाद संस्थानाला समुद्र नव्हता. वेगळं राहायचं तर बंदर हवं, म्हणून १९४७ च्या सुमारास त्यानं पोर्तुगीजांकडून गोवा मिळवायची खटपट केली. जगातला बडा श्रीमंत, तरी जमलं नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान शरण आलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला.

दोघांचा देश एक झाला, म्हणून आपण पासपोर्टाशिवाय निघतो. निघालो तर! बनी तो बनी, नहीं तो परभणी.